सोलापुरात घरकुलाचा अर्ज भरण्यापूर्वी जागेचे कागद कसे तपासावेत

शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेली जागा चालेल का, हा प्रश्न सोलापूरच्या हद्दवाढ भागात, म्हणजे हद्द वाढवून महापालिकेत आलेल्या गावांत, घरकुलाच्या जवळजवळ प्रत्येक चौकशीत निघतो, आणि त्याचे सरळ उत्तर ‘तेवढ्यावर नाही’ असे आहे. अनुदान किती मिळणार याची चौकशी लोक आधी करतात आणि जागा नेमकी कोणाच्या नावावर आहे हे पाहायचे शेवटी ठेवतात. त्यामुळे अर्ज भरला जातो, पण छाननीत अडकतो. म्हणून या लेखात अनुदानाची माहिती थोडक्यात दिली असून जागेच्या कागदांना अधिक जागा दिली आहे.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असल्यास कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात, ३ ते ६ लाख असल्यास अल्प उत्पन्न गटात आणि ६ ते ९ लाख असल्यास मध्यम उत्पन्न गटात धरले जाते. येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. या कुटुंबातील कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे आणि मागील २० वर्षांत कोणत्याही शासकीय गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा, या दोन अटी सर्व घटकांना लागू आहेत. गावाकडे वडिलांच्या नावावर पक्के घर असले म्हणून विवाहित मुलाचा हक्क आपोआप जात नाही; मात्र त्या घराच्या उताऱ्यावर मुलाचेही नाव लागलेले असेल तर अर्जापूर्वीच महापालिकेच्या योजना कक्षात त्याविषयी विचारून घ्यावे.

योजनेचे घटक चार आहेत आणि एका कुटुंबाला त्यांपैकी एकाच घटकाचा लाभ मिळतो. स्वतःची जागा असलेल्या दुर्बल गटातील कुटुंबाला घर बांधण्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. जागा नसलेल्यांसाठी प्रकल्पातील परवडणारी घरे आहेत, भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे आणि गृहकर्ज घेणाऱ्यांसाठी व्याज अनुदान आहे. प्रकल्पातील घर म्हणजे काय हे सोलापूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प याच योजनेच्या पहिल्या टप्प्यात उभा राहिला आणि त्यातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थ्यांना देण्यात आली. त्याआधी विडी कामगारांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहतही त्याच बाजूला झाली. अशा घराचा विचार करताना घराच्या किमतीइतकाच रोजच्या येण्याजाण्याच्या खर्चाचाही हिशेब करावा, असे माझे मत आहे. ज्या बाईला वळलेल्या विड्या रोज कारखान्यात नेऊन द्याव्या लागतात, तिच्या मजुरीतला मोठा वाटा रिक्षाभाड्यातच जाऊ शकतो.

आता जागेकडे वळू. १९९२ मध्ये सोलापूरची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावे महापालिकेत आली, तेव्हा त्यांतील कितीतरी शेतजमिनी एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून आधीच विकल्या गेल्या होत्या किंवा पुढे विकल्या गेल्या. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्याचे रीतसर खरेदीखत होणे अवघड होते, म्हणून व्यवहार बाँडवर, नोटरीसमोर किंवा नुसत्या मुखत्यारपत्रावर उरकले गेले. नोंदणी कायद्यानुसार १०० रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, त्यामुळे नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी त्याने मालकी येत नाही. मिळकत कराची पावतीही मालकीचा पुरावा नाही. महापालिका कर आकारते तो बांधकामाच्या वापरावर, आणि त्या पावतीवरच तसा खुलासा छापलेला अनेकदा आढळतो.

पहिले काम म्हणजे आपली जागा गावठाणात व नगर भूमापनाच्या (सिटी सर्व्हेच्या) हद्दीत येते, की शेतजमिनीच्या गटात, हे ठरवणे. दाजी पेठ, साखर पेठ यांसारख्या जुन्या पेठांत सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक निघते. हद्दवाढ भागात बहुतेक ठिकाणी सातबारा उतारा पाहावा लागतो. उतारा ताजा काढावा आणि त्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: भोगवटादार (जमीनधारक) म्हणून कोणाचे नाव आहे, क्षेत्र स्वतंत्र आहे की सामाईक, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा किंवा अन्य शेरा आहे का. मूळ मालकाचेच नाव अजून चालू असेल, तर तो मालक किंवा त्याचे वारस हयात आणि तयार असताना खरेदीखत करून घेणे हाच खरा उपाय आहे. वडील वारले असून नाव त्यांचेच असेल, तर आधी वारस नोंद करावी, आणि भावंडांपैकी एकालाच घर बांधायचे असेल तर इतरांचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावे. साध्या कागदावरची संमती पुढे वादात टिकत नाही.

गुंठेवारीतील, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या, जागेसाठी २००१ चा महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्यासाठी त्याखाली अर्ज करता येतो. प्रशमन शुल्क (अनियमितता मिटवण्यासाठीची रक्कम) आणि विकास शुल्क भरावे लागते, मोजणीचा नकाशा लागतो आणि वेळही जातो. तरीही नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हाती आल्यावर बांधकाम परवान्याचा मार्ग मोकळा होतो, आणि परवान्याशिवाय घरकुलाची गाडी पुढे सरकत नाही.

आमच्या आत्याची जागा याचे चांगले उदाहरण ठरेल. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला दीड गुंठा, बाँड पेपर पिवळा पडलेला, कर मात्र दरवर्षी वेळेवर भरलेला. अर्ज भरून देणाऱ्या एका खाजगी केंद्रचालकाने कराच्या पावतीलाच मालकीचा कागद म्हणून जोडले आणि पैसे घेऊन मोकळा झाला. अर्ज परत आला तेव्हा सात महिने गेले होते. शेवटी मूळ मालकाच्या तीन मुलांना गाठून खरेदीखत झाले, पण त्या मुलांपैकी एक पुण्यात आणि एक भिवंडीत यंत्रमागावर असल्यामुळे तिघांना एका दिवशी सोलापुरात आणण्यातच दोन महिने गेले.

जागेनंतरचा अडसर नावांचा आहे, आणि पूर्व भागात तो फार जाणवतो. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर येते, तर मराठी कागदांत ते अनेकदा उलटे लिहिले जाते. एकाच माणसाचे नाव आधारवर राजय्या, रेशन कार्डावर राजाया आणि खरेदीखतात राजैय्या असे असले, तर संगणकाच्या दृष्टीने ती तीन माणसे होतात. खरेदीखत बदलणे कठीण आणि आधार दुरुस्त करणे सोपे, म्हणून खरेदीखतातील नाव प्रमाण धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारशी चालू मोबाईल क्रमांक जोडलेला असणे तितकेच आवश्यक आहे. आयुष्यभर विड्या वळलेल्या किंवा मागावर काम केलेल्या हातांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. मोबाईलवर ओटीपी येत असेल तर ठशांवाचून बरेच काम निभावते.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून घ्यावा लागतो आणि त्यासाठीचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात करता येतो. बँक खात्याबाबत एक सूचना विशेष लक्षात ठेवावी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी अनेक महिलांनी नवी खाती काढली, आणि आधार संलग्नता जुन्या खात्यावरून त्या नव्या खात्यावर गेली. आधारवर आधारित रक्कम शेवटी संलग्न केलेल्या खात्यात जमा होते, त्यामुळे आपले कोणते खाते संलग्न आहे हे बँकेत जाऊन विचारावे आणि अर्जात तेच लिहावे. घर कुटुंबातील महिलेच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असणे योजनेला अपेक्षित आहे, हे खरेदीखत करतानाच ध्यानात घेतले तर पुढचा एक दस्त वाचतो.

अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः, सेवा केंद्रातून किंवा महापालिकेमार्फत भरता येतो. विधवा व एकल महिला, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, सफाई कर्मचारी, पथविक्रेते, अंगणवाडी सेविका आणि बांधकाम कामगार यांना प्राधान्य असल्याने त्याचा पुरावा अवश्य जोडावा. मंजुरी मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

ज्यांचे गाव महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे त्यांना प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) लागू होते. तिचे मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहे, त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळतात. तेथे चौकशी ग्रामपंचायतीत करावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना शहरात आणि गावात स्वतंत्रपणे चालते.

पगारदार किंवा लहान व्यावसायिक कुटुंब फ्लॅट घेणार असेल, तर त्याने व्याज अनुदानाचा घटक पाहावा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत, ४ टक्के दराने हे अनुदान मोजले जाते आणि ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार असून पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. अनुदानाचा हप्ता येताना कर्जाचे निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावे लागते, त्यामुळे कर्ज घाईने फेडण्यापूर्वी याचा विचार करावा.

स्वतः बांधणाऱ्यांनी पैशांचे गणित आधी मांडावे. घराचे चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२३ ते ४८४ चौरस फूट असावे लागते. बांधकामाचा दर चौरस फुटाला १,८०० रुपये धरला तर सर्वांत लहान घरालाही ५ लाख ८१ हजार लागतात, आणि अडीच लाख वजा जाता सव्वातीन लाखांहून अधिक रक्कम आपली आपणच उभी करावी लागते. ती हाताशी येईपर्यंत आणि परवाना मिळेपर्यंत राहते घर पाडू नये. अनुदान कामाच्या टप्प्यांनुसार येते. जोता, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची पट्टी), स्लॅब अशा प्रत्येक टप्प्यावर जागेवर येऊन जिओ टॅगिंगचे, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो काढले जातात, आणि फोटो न झाल्यास पुढचा हप्ता थांबतो. स्लॅबला किमान सात दिवस सतत पाणी द्यावे लागते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब टाकायचा असेल, तर टँकर किंवा शेजारच्या बोअरचे आधी ठरवूनच गवंड्याला तारीख द्यावी. काम पूर्ण झाल्यावर अखेरच्या हप्त्यासाठी पूर्णत्वाचा दाखला घ्यावा, आणि त्याच फेरीत मिळकत कर विभागात नव्या बांधकामाची नोंद खरेदीखतातील नावानेच करून घ्यावी.