ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शनसाठी मॅट्रिक्स तयार करताना या चुका टाळा

हर्नियाच्या जाळीची सवय असलेल्या थिएटरमध्ये एडीएम पहिल्यांदा येतं तेव्हा त्यालाही जाळीसारखंच वागवलं जातं: पाकीट फोडा, कापा, शिवा. एडीएम म्हणजे एसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स, पेशी काढून टाकलेली त्वचा. ती माणसाची असते, डुकराची किंवा वासराची. मागे उरतो तो मुख्यतः कोलॅजनचा सांगाडा. मॅस्टेक्टॉमीनंतर, म्हणजे स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, आत बसवलेल्या इम्प्लांटला (कृत्रिम स्तनाला), विशेषतः खालच्या बाजूने, आधार द्यायला तो वापरतात, आणि रुग्णाच्या रक्तवाहिन्या आत शिरल्या तरच तो अंगी लागतो. ट्रॉलीवर झालेली चूक पुढे सेरोमा (जखमेत पाणी साठणं) किंवा इन्फेक्शन होऊन समोर येते, तेव्हा त्या दिवशीच्या ट्रॉलीकडे कोणी वळून बघत नाही.

पाकीट घाईने फोडणं

ही सगळ्यात महागडी चूक. मॅस्टेक्टॉमीच्या फ्लॅपला, म्हणजे मागे उरलेल्या त्वचेच्या पदराला, रक्तपुरवठा नीट नसेल तर इम्प्लांटच पुढे ढकलावं लागतं, आणि उघडलेलं मॅट्रिक्स परत निर्जंतुक करून ठेवता येत नाही. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करणं) तर सोडाच, कोलॅजनचं जिलेटीन होईल. दुसरीकडे फ्रीझ-ड्राय (गोठवून कोरडं केलेल्या) प्रकाराला जाडीनुसार 10 ते 40 मिनिटं भिजायला लागतात, म्हणजे अगदी उशीरही चालत नाही. माझ्या मते योग्य वेळ एकच: फ्लॅप तपासून सर्जन स्वतः तोंडाने ‘उघडा’ म्हणतील तेव्हा. रुग्ण थोडा वेळ जास्त भुलीखाली राहिला तरी चालेल. ओल्या, रेडी-टू-यूज प्रकारात हा प्रश्नच फारसा येत नाही.

एकाच पाण्यात भागवणं

फ्रीझ-ड्राय तुकड्याला दोन बाऊल लागतात. पहिल्यात पाठचा कागद सुटून वर येतो. तो काढून टाकायचा, मग तुकडा दुसऱ्या, ताज्या सलाईनमध्ये. कागद अडकलेला राहिला की त्या बाजूने पाणी शिरत नाही. ‘अर्धा तास झाला तरी कडकच आहे’ अशी तक्रार आली, तर आधी कागद बघा, मग तुकडा दुमडला आहे का, दोन तुकडे एकमेकांना चिकटले आहेत का ते बघा. सलाईन फ्रीजमधून आलेलं असेल तरी वेळ वाढतो. मात्र म्हणून गरम पाणी ओतू नका. 37 अंशांच्या वर जायचंच नाही.

ओल्या प्रकारात लोक उलट चुकतात: ‘तयारच आहे की’ म्हणून थेट लावतात. त्यालाही निदान 2 मिनिटं सलाईनमध्ये बुडवून धुवायचं असतं, कारण ज्या द्रावात ते साठवलेलं असतं ते शरीरात जायला नको. मॅट्रिक्सच्या वरच्या त्वचेवर नंतर जी लाली येते, जिला ‘रेड ब्रेस्ट’ म्हणतात, तिचं एक संशयित कारण हेच राहिलेले अंश आहेत. (ताप असेल, दुखणं वाढत असेल तर मात्र ती लाली नव्हे, इन्फेक्शन धरूनच चला.)

काही उत्पादनांत प्रक्रियेतल्या अँटिबायोटिक्सचे अंश किंवा पॉलिसॉर्बेट हे रसायन असतं. ॲलर्जीची नोंद पाकीट फोडण्याआधी लेबलशी ताडून बघा.

बाजू उलटी लावणं

मानवी त्वचेच्या मॅट्रिक्सला दोन वेगळ्या बाजू असतात. डर्मल बाजू गुळगुळीत, चकचकीत; बेसमेंट मेम्ब्रेनची (त्वचेच्या वरच्या थराखालच्या पातळ पडद्याची) बाजू खरखरीत, निस्तेज. भिजल्यावर, लाइटच्या उजेडात फरक कळेलच असं नाही. तेव्हा रुग्णाच्याच रक्ताचा एक थेंब दोन्ही बाजूंना लावा आणि सलाईनने धुवा. डर्मल बाजू लालच राहते, दुसरीवरचं रक्त निघून फिकट गुलाबी डाग उरतो. लाल राहिलेली बाजू रक्तपुरवठा असलेल्या फ्लॅपकडे, दुसरी इम्प्लांटकडे. प्राण्यांपासूनच्या काही मॅट्रिक्सना बाजू नसते. ते कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं, अंदाज बांधू नका.

कापणं आणि हाताळणं

भिजण्याआधी कापू नका, माप फसतं. टोकं गोल करा. चुण्या पडल्या की तिथे पाणी साठतं आणि सांगाडा फ्लॅपला चिकटत नाही, म्हणून तुकडा ताणून बसला पाहिजे. छिद्रं पाडायची असतील तर 11 नंबरच्या ब्लेडने, बोर्डवर, भिजल्यानंतर. पावडरचे ग्लोव्हज नकोत: अमेरिकेत 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे, आपल्याकडे अजून कपाटात सापडतात. मॅट्रिक्स कापडी टॉवेलवर ठेवू नका, धागे चिकटतात. आणि अँटिबायोटिकचं द्रावण सर्जनच्या पसंतीने वापरलं जात असेल तर ते सलाईनने धुण्याच्या जागी नव्हे, त्यानंतर.

संमतीपत्रात नुसतं ‘मॅट्रिक्स’ लिहिणं

‘ताई, हे डुकराच्या कातडीपासून केलेलं आहे, चालेल ना?’ हा प्रश्न आदल्या दिवशी, वॉर्डात, घरच्यांसमोर विचारायचा असतो. काहींना डुक्कर चालत नाही, काहींना गाय, काहींना दुसऱ्या माणसाची त्वचा. नकार आला तरी मार्ग संपत नाही: स्तन मोठा आणि ओघळलेला असेल तर त्याच रुग्णाच्या खालच्या त्वचेची डर्मल स्लिंग (इम्प्लांटला आधार देणारी झोळी) करता येते, शिवाय पाठीचा लॅटिसिमस फ्लॅप, म्हणजे पाठीचा स्नायू वळवून आणणं, आहेच. तिला हेही सांगा, की मार्च 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांना मान्यता देणारी सरकारी संस्था) कळवलं होतं की ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शनसाठी म्हणून एकाही एडीएमला त्यांनी मान्यता दिलेली नाही, आणि फ्लेक्सएचडी व ॲलोमॅक्स या दोन उत्पादनांत गुंतागुंतीचं प्रमाण जास्त असू शकतं. म्हणजे सगळी एडीएम सारखी नसतात, आणि स्टोअरमधून ‘तेच, फक्त दुसऱ्या कंपनीचं’ आलं तर सर्जनला विचारल्याशिवाय स्वीकारू नका.

लॉट नंबरचे (उत्पादनाच्या बॅचच्या क्रमांकाचे) स्टिकर फाइलमध्ये, ऑपरेशन नोट्समध्ये आणि रुग्णाच्या इम्प्लांट कार्डवर, असे तिन्हीकडे लावा. उत्पादन परत मागवलं गेलं, तर तिला शोधायला नंतर तेवढंच हाताशी असतं.