विद्यापीठातलं व्याख्यान: वक्त्याची ४५ मिनिटं वाचवायची कशी

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर वेळ दुपारी ३ ची असते आणि वक्ता माइकपाशी पोचतो पावणेचारला. सव्वाचारला त्याच्यापुढे ‘कृपया आटोपतं घ्यावं’ अशी चिठ्ठी सरकते. ज्याच्यासाठी लोक आले, त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी वेळ. म्हणून आखणी करताना व्याख्यानाची ४५ मिनिटं आधी बाजूला काढावीत आणि उरलेल्या वेळात बाकीचं बसवावं.

तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर नीट बघा. २६ जूनची शाहू जयंती, १८ नोव्हेंबरचा विद्यापीठाचा वर्धापनदिन, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशीचा विज्ञान दिन, या सुमाराला सभागृहं अडकलेली असतात आणि श्रोतेही वाटले जातात. परीक्षांचे आठवडे सोडा. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये बाहेरगावचा पाहुणा बोलावणार असाल, तर ऑनलाइन व्याख्यानाची सोय आधीच करून ठेवा. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. अशा वेळी पुण्याहून निघालेला माणूस कोल्हापूर समोर दिसत असूनही आत येऊ शकत नाही.

वेळ श्रोत्यांवरून ठरवा. विद्यार्थी हवे असतील तर सकाळी ११. दुपारी ४ नंतर गावाकडच्या एसटीची घाई सुरू होते; कागल, पन्हाळा, गडहिंग्लजकडची मुलं मागच्या दारानं निघायला लागतात आणि त्यांना दोष देता येत नाही. शहरातले नोकरदार आणि निवृत्त मंडळी हवी असतील, तर संध्याकाळी ६ ला शहरात, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात कार्यक्रम घेतलेला बरा. दोन्ही वर्ग एकाच कार्यक्रमात गाठायला जाऊ नका.

सभागृहासाठी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र महिनाभर आधी द्या आणि त्यात तारीख-वेळेबरोबर ध्वनियंत्रणा, प्रोजेक्टर, त्या दिवशी हजर राहणारा तंत्रज्ञ हेही लिहा. तोंडी ‘होऽ, करूया की’ यावर विसंबू नका. खुर्च्या श्रोत्यांपेक्षा थोड्या कमीच बऱ्या. ३०० च्या सभागृहात ८० जण विखुरले की टाळ्यासुद्धा ओशाळतात. मोठंच सभागृह मिळालं, तर मागच्या रांगा दोरी बांधून बंद करा.

पत्रिकेवर नुसतं ‘शिवाजी विद्यापीठ’ लिहून भागत नाही. आवार साडेआठशे एकरांच्या घरातलं आहे. इमारत, मजला, कुठल्या दरवाजातून यायचं आणि गाडी कुठं लावायची, हे लिहा. विद्यापीठातलं राजर्षी शाहू सभागृह आणि दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन या नावांत हमखास गल्लत होते, तेव्हा ‘विद्यापीठ आवार’ हे शब्द ठळक हवेत. वक्त्याच्या नावाचं स्पेलिंग, पद, आडनाव त्यांच्याकडूनच लेखी मागवा. फ्लेक्स छापण्याआधी अंतिम प्रूफ चित्राच्या रूपात मागवून वाचा. युनिकोड मजकूर छपाईवाल्यांच्या श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आणि ती चूक कार्यक्रमभर वक्त्याच्या डोक्यावर लटकत राहते.

आता मिनिटं. दीड तासाच्या कार्यक्रमाचा हिशेब असा: दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन ४, स्वागत व प्रास्ताविक ६, परिचय ३, सत्कार ३, व्याख्यान ४५, प्रश्नोत्तरं १५, अध्यक्षीय मनोगत ८, आभार ३. एकूण ८७. उरलेल्या तिनात राष्ट्रगीताची ५२ सेकंद आणि उठबस. हा कागद अध्यक्षांसह बोलणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दोन दिवस आधी द्या. आयत्या वेळी ज्येष्ठांना ‘थोडक्यात’ म्हणायची हिंमत कुणाचीच होत नाही. छापील ८ हा आकडा ते काम करतो.

वेळ गळते ती समईपाशी. पाच पाहुणे, पाच वाती, वर गरगरणारा पंखा आणि ओली काडेपेटी. वाती तासभर आधी तेलात भिजवा, एकदा पेटवून विझवा. काजळलेलं टोक पटकन धरतं. तेल वातीच्या टोकापर्यंत भरू नका, वात बुडते. ज्योत लावायला एक जाड मेणबत्ती आधीच पेटती ठेवा आणि मंचावरचा पंखा बंद करायला एक माणूस नेमा. फुलं, रुमाल, पुस्तक हे सगळं ज्या क्रमानं द्यायचं त्याच क्रमानं ताटात लावा. सत्कार फक्त वक्ता आणि अध्यक्षांचा. मंचावर जितक्या खुर्च्या, तितके सत्कार मागे लागतात, म्हणून खुर्च्याच चार ठेवा.

परिचयात पदव्यांची यादी वाचू नका. हा माणूस या विषयावर का बोलतोय, एवढं १५० शब्दांत सांगा. पाच पानी बायोडेटा वक्त्याकडून आलेला असला तरी तो वाचायचं बंधन नाही.

प्रश्नोत्तरं अध्यक्षीय भाषणाआधी. उलट केलं की निम्मं सभागृह उठतं. ‘प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो’ म्हणणारे काका प्रत्येक व्याख्यानाला असतात. त्यांच्या हाती माइक देऊ नका. स्वयंसेवकानं माइक स्वतःच्या हातात धरून त्यांच्यापुढे न्यावा. लाजऱ्या मुलांसाठी चिठ्ठ्या फिरवा, आणि पहिला प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याकडे आधीच तयार ठेवा. शांतता एकदा फुटली की पुढचे प्रश्न आपोआप येतात.

ध्वनीची चाचणी आदल्या दिवशी करा आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी पुन्हा. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, भरल्यावर माणसं तो शोषतात. म्हणून रिकाम्यात जरा चढा वाटणारा आवाज बहुधा पुरतो. माइक शिट्टी मारायला लागला, तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतोय असं समजा. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवा, आवाज थोडा उतरवा आणि माइक तोंडापासून वीतभरापेक्षा लांब जाऊ देऊ नका. कॉर्डलेसचे सेल दरवेळी नवे. अर्धवट सेल चाचणीत चालतात आणि नेमके व्याख्यानात मान टाकतात. उपरण्याला लावलेला कॉलर माइक घसरून खरखरतो. सदऱ्याच्या काठाला लावा.

वक्त्याची स्लाइड आदल्या दिवशीच मागवा आणि पीडीएफही घ्या. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याचं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं होतं. पीडीएफमध्ये तो सहसा शाबूत राहतो. काही नव्या लॅपटॉपना एचडीएमआयचं छिद्र नसतं, तेव्हा टाइप-सी अडॅप्टर विभागाच्या कपाटात कायमचा हवा. प्रोजेक्टर यूपीएसवर घ्या. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला, तरी दिव्याचा जुना प्रोजेक्टर थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत मिनिटं जातात.

चित्रीकरण करायचं तर आवाज मिक्सरमधून थेट घ्या. मोबाइलवर घेतलेल्या व्याख्यानात खोकला स्पष्ट आणि वक्ता विहिरीतून बोलतोय असं ऐकू येतं. ते इंटरनेटवर टाकण्याची परवानगी वक्त्याकडून लेखी घ्या.

हजेरीपट व्याख्यान चालू असताना फिरवू नका. कागद रांगेत शिरला की मान खाली, पेन शोधणं, शेजाऱ्याची सही, सगळं सुरू होतं. सही दारातच घ्या. चहा आणि भडंगही शेवटीच. पुड्यांची कुरकुर शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

मुंबईचा पाहुणा रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परतणार असेल, तर जेवणासकट सुटकेचा वेळ उलटा मोजा. मानधनासाठी पॅन, बँक तपशील आणि प्रवासाची तिकिटं आधीच मागवा. सहीची पावती पाहुणे गाडीत बसण्याआधी घ्या. नंतर पोस्टानं मागवलेली पावती आर्थिक वर्षअखेरीपर्यंत छळते.

बातमी त्याच संध्याकाळी पाठवा: २०० शब्द, वक्त्याचं एक ठोस वाक्य पहिल्या परिच्छेदात, आणि फोटोखाली डावीकडून नावं. उपस्थितांची यादी पहिल्या परिच्छेदात घातली की उपसंपादक वक्त्याचं वाक्यच कापतो. नॅकच्या, म्हणजे विद्यापीठ-महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेले फोटो लागतात. कॅमेऱ्यातलं लोकेशन पाहुणे येण्याआधी चालू करा.