महागडा डॅक खरोखर सरस वाजतो का? ऐकून तुलना करताना या चुका टाळा

साडेतीन हजारांचा माझा डॅक (डिजिटल संगीताचे अँप्लिफायरला चालणाऱ्या अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे यंत्र) आणि मित्राकडून आणलेला 28 हजारांचा डॅक एकाच अँप्लिफायरला जोडून मी एकदा ऐकत बसलो होतो. महागड्यावर तंबोऱ्याची जवारी जास्त खुलते, बायाचा घुमारा खोल जातो, असे वहीत लिहूनही ठेवले. अर्ध्या तासाने लक्षात आले की कोणते यंत्र वाजवायचे ते निवडणारा सिलेक्टर फिरवायचाच राहिला होता. इतका वेळ माझाच डॅक वाजत होता.

किंमत ठाऊक असताना ऐकणे, ही पहिली चूक. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 40 श्रोत्यांना चार स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग उघड्यावर ऐकवले, तेव्हा लहान, स्वस्त स्पीकरचे गुण तो नजरेस पडताच घसरले. हे श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, त्यामुळे ‘माझा कान तयार आहे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

सर्वांत जास्त फसवणूक मात्र आवाजाच्या पातळीमुळे होते. एक डॅक 2 व्होल्ट देतो आणि दुसरा अडीच, एवढ्यानेच जवळपास 2 डेसिबलचा फरक पडतो. आणि किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘स्वच्छ’ किंवा ‘भरदार’ वाटतो. म्हणून दोन्हींची पातळी जुळवण्यासाठी 100 हर्ट्झचा टेस्ट टोन लावून, मल्टिमीटर एसीवर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे (प्रोब एकमेकांना टेकू देऊ नयेत). एकावर 2.00 व्होल्ट येत असतील, तर दुसऱ्यावर 0.02 पेक्षा जास्त तफावत नको. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. फोन वीतभर सरकला तरी आकडा बदलतो.

वायर काढून पुन्हा जोडेपर्यंत बारीक फरकाची आठवण विरून जाते, म्हणून दोन्ही यंत्रे जोडलेलीच ठेवावीत आणि एकच छोटा तुकडा आलटून पालटून ऐकावा. कोणते यंत्र लावायचे हे दुसऱ्याने नाणे उडवून ठरवावे आणि त्याने आपल्या नजरेआड राहावे; कोणते वाजते आहे ते आपण दर वेळी ओळखावे.

‘सगळी यंत्रे सारखीच’ असे आधीच ठरवून बसलेल्याचा पूर्वग्रह या चाचणीनेही जात नाही, कारण तो लक्ष न देता काहीही उत्तर देऊ शकतो.

दहापैकी सात उत्तरे बरोबर आली म्हणून हुरळून जाऊ नये. नुसत्या अंदाजाने सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे 17 टक्के असते. सोळापैकी बारा आली, तर ती 4 टक्क्यांच्या खाली जाते. माझी सोळापैकी नऊ आली, आणि मित्राचा डॅक त्याच्याकडे परत गेला.