व्हिडिओ कॉलवर वाचाघाताची तपासणी: या चुका टाळा

चंदगड किंवा गगनबावड्याहून पक्षाघाताच्या पेशंटला तपासणीसाठी कोल्हापुरात आणायचं म्हणजे गाडी, सोबतीला दोन माणसं आणि अख्खा दिवस. वाचाघात, म्हणजेच अफेजिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने बोलणं, समजणं, वाचणं-लिहिणं बिघडणं. त्याची तपासणी व्हिडिओ कॉलवर नीट केली तर हा खटाटोप वाचतो. नीट केली नाही तर रेंजचा, सुनेच्या मदतीचा किंवा बोलीचा दोष पेशंटच्या मेंदूच्या खात्यावर जमा होतो, आणि रिपोर्टमध्ये एकदा लिहिला गेला की पुसला जात नाही.

'आवाज येतोय ना?' यावर समाधान मानणं

'व्हय, येतोय की' या उत्तराला अर्थ नाही. तुटक आवाजातलं वाक्य माणूस संदर्भाने जुळवून घेतो, सुट्या शब्दाला संदर्भच नसतो. स, श यांसारख्या वर्णांची ओळख वरच्या फ्रिक्वेन्सीत असते आणि लाईन खराब झाली की तीच आधी जाते. म्हणून चाचणीआधी सोबतच्या माणसाला पाच शब्द ऐकवा: खार, फळ, साल, वाळू, ठसा. ते त्याच्याकडून म्हणवून घ्या. धडधाकट माणसाला 'फळ'च्या जागी 'पळ' ऐकू येत असेल, तर शब्द मागोमाग म्हणायला लावायची चाचणी त्या दिवशी घेऊच नका.

अॅपमधली गोंगाट कमी करणारी सोय दोन्हीकडे बंद करा. अडखळत, हळू बोलणाऱ्याचा आवाज ती गोंगाट समजून कापते, आणि पेशंट बोललाच नाही असं वाटतं. उच्चार बारकाईने ऐकायचे असतील तर दुसरा मोबाईल पेशंटपासून वीतभर अंतरावर ठेवून त्यावर रेकॉर्डिंग करा आणि ती फाईल व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. हा आवाज कॉलमधून आलेला नसतो, त्यामुळे तो स्वच्छ मिळतो. इचलकरंजीत घराशेजारी माग चालू असतील तर ते बंद असतानाचीच वेळ ठरवा, त्याला दुसरा इलाज नाही.

कॉल मध्येच अडकला तर त्या प्रश्नाला शून्य देऊ नका. पुढे 'तांत्रिक' असं लिहा आणि तो प्रश्न शेवटी पुन्हा घ्या. नाव सांगायला 20 सेकंद द्यायचे असतील तर ते चित्र तुम्ही दाखवल्यापासून नव्हे, तिकडे दिसल्यापासून मोजा. 'चित्र आलं' असं सोबतच्या माणसाने हात वर करून कळवायचं, बोलून नव्हे.

सोबतच्या माणसाला नुसतं 'मदत करू नका' म्हणणं

सगळ्यात जास्त निकाल इथे बिघडतात. पडद्यावर पेनचं चित्र येतं, आजोबा चाचपडतात, आणि कॅमेऱ्याबाहेरून हळूच आवाज येतो: 'अवो सांगा की, पेन हाय न्हवं!' आजोबा 'पेन' म्हणतात. हे उत्तर नाव सांगितल्याचं नाही, ऐकलेला शब्द परत म्हटल्याचं आहे. आवाज नसला तरी ओठ हलवणं, नजरेने खुणावणं, 'ठेवा' म्हटल्यावर हात पुढे करणं हे चालूच असतं, आणि घरच्यांना ते कळतही नाही.

मनाई करण्यापेक्षा काम द्या. सोबतच्या माणसाने पेशंटच्या मागे, पण कॅमेऱ्यात दिसेल असं बसावं. हातात वही द्या, पेशंटने काय केलं ते लिहायला सांगा. प्रत्येक भागानंतर दोन मिनिटं त्यांना बोलू द्या. 'ह्यास्नी घरात सगळं कळतंय' हे त्यांना सांगायचंच असतं, आणि ती माहिती कामाचीही असते. एवढं करून कुणी सुचवलंच, तर रागावू नका. त्या उत्तरापुढे 'सूचना मिळाली' लिहा आणि पुढे जा.

बोलीला चूक धरणं

पुण्या-मुंबईहून कॉलवर तपासणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. हे लिंग चुकणं नाही, व्याकरण निसटल्याचं लक्षण तर नाहीच नाही. चपातीचं चित्र दाखवून 'पोळी' या उत्तराची वाट पाहू नका, इथे पोळी म्हणजे पुरणाची. 'व्हय', 'न्हाई', 'म्हस' ही बरोबर उत्तरं आहेत. आजारपणाआधी पेशंट कसा बोलायचा हे घरच्यांना विचारा, जुना व्हॉइस मेसेज असला तर ऐका. शिरोळ, कागल, गडहिंग्लजकडे घरात कन्नडही बोलली जात असेल. तसं असेल तर दोन्ही भाषा तपासा, नाहीतर कन्नड शब्दाला तुम्ही निरर्थक बडबड समजाल.

पडद्याच्या उजव्या कडेला चित्र ठेवणं

वाचाघात बहुतेकदा मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेने होतो आणि त्यासोबत उजवीकडचं दिसणं जाऊ शकतं. चार चित्रं आडव्या ओळीत मांडली तर उजवीकडची दोन पेशंटने पाहिलेलीच नसतात, आणि आपण लिहितो 'शब्द समजत नाहीत'. चित्रं एकाखाली एक, मध्यापासून किंचित डावीकडे ठेवा. मोबाईलचा पडदा यासाठी लहानच पडतो. लॅपटॉप किंवा टॅब डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर असावा. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलंय का, हे आधी बघा. पेशंटला स्वतःचा चेहरा दिसत असेल तर तो बंद करा. आरशासारखी उलटी प्रतिमा समोर असताना 'उजवा हात वर करा' या सूचनेचा गोंधळ उडतो. बोट कुठे ठेवलं हे दिसायला दुसरा मोबाईल बाजूने लावा.

हो-नाही प्रश्नांच्या गुणांवर भरवसा

20 पैकी 10 उत्तरं तर अंदाजानेही बरोबर येतात. प्रत्येक प्रश्नाला 'व्हय' म्हणणारा पेशंटही तेवढेच गुण मिळवतो. म्हणून एकूण गुणांआधी उत्तरांचा क्रम पाहा. तोंडाने 'व्हय' आणि मान नकारार्थी, असंही होतं. कोणतं उत्तर धरायचं ते सुरुवातीलाच पक्कं करा. तुमच्या भुवया आणि नजर पडद्यावर मोठ्या दिसतात, त्याही सांभाळा.

लिखाण घेताना कागद टेबलाला चिकटपट्टीने लावा आणि जाड स्केचपेन द्या. उजवा हात लुळा असेल तर डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरावरून निष्कर्ष काढू नका, अक्षरं कोणती सुटली ते पाहा.

इंग्रजी चाचणीचा आकडा जसाच्या तसा लावणं

वेस्टर्न अफेजिया बॅटरी या वाचाघाताच्या चाचणीत 100 पैकी 93.8 ही सीमा वापरतात, त्याखाली गुण आले तर वाचाघात धरतात. ती मूळ इंग्रजी चाचणीची आहे. घरच्या घरी मराठीत उतरवलेल्या प्रश्नांना ती लावणं म्हणजे मापाशिवाय तोलणं. अशा वेळी आकडा सोडा, काय जमलं आणि काय नाही याचं वर्णन लिहा. तपासणी कॉलवर झाली, कोणत्या उपकरणावर, कोण सोबत होतं, हेही लिहा. पुढची तपासणी त्याच पद्धतीने घेतली तरच तुलना करता येते. चाचणीची पानं पेशंटला व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, पुढच्या वेळी ती पाठ झालेली असतात. एक बैठक अर्ध्या तासाची ठेवा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी घ्या, कारण थकलेला पेशंट आहे त्यापेक्षा वाईट दिसतो.

पेशंटचा पत्ता न विचारणं

कॉल लागला की पेशंट या क्षणी कुठे आहे ते वस्ती आणि खुणेसकट लिहून घ्या. लेकीकडे राहायला गेलेला असू शकतो. तपासणीत बोलणं अचानक आणखी बिघडलं, चेहरा वाकडा झाला किंवा हात गळून पडला, तर चाचणी तिथेच सोडा. सोबतच्या माणसाला 108 लावायला सांगा आणि पेशंट शेवटचा ठीक कधी होता ती वेळ कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवायला लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न याच वेळेबद्दल असतो.