युद्धाच्या बातम्या पाहताना आम्ही केलेल्या चुका, तुम्ही टाळा

८ मे २०२५ च्या रात्री आमच्या घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. वहिनीचा भाऊ जम्मूला पोस्टिंगवर, त्याचा फोन लागेना, आणि टीव्हीवर कराची बंदर बेचिराख झाल्याची ‘ब्रेकिंग’ चालू. कुठे तर इस्लामाबाद पडल्याचंही सांगून झालं. सकाळी कळलं, यातलं काहीच घडलं नव्हतं.

रात्रभर टीव्ही चालू ठेवणं
ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांतली ही आमची सगळ्यात मोठी चूक. ठोस माहिती मिळत होती ती परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्या पत्रकार परिषदांतून. तेवढ्या पाहाव्यात, सकाळी पेपर वाचावा, एरवी टीव्ही बंद. वाहिन्या तर कार्यक्रमातच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवत होत्या. खरा भोंगा झाला तर लोक दुर्लक्ष करतील, म्हणून शेवटी सरकारला तो वाजवू नका असं सांगावं लागलं.

व्हिडिओ ओळखीच्या माणसाने पाठवला म्हणून खरा मानणं
कराचीवरचा हल्ला म्हणून मामांनी ग्रुपवर टाकलेली क्लिप जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाला कोसळलेल्या विमानाची निघाली. ‘आर्मा ३’ या गेममधली दृश्यंही लढाईची म्हणून फिरत होती. तपासायला दोन मिनिटं लागतात: व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढा, गुगल लेन्समध्ये टाका आणि तेच दृश्य आधीच्या तारखेला कुठे आलंय का पाहा. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेट कशा आहेत, तेही बघा. पीआयबी फॅक्ट चेक जरूर पाहा, पण ते सरकारचं खातं आहे. सोबत ऑल्ट न्यूज, बूम यांसारख्या स्वतंत्र तपासणाऱ्यांचंही वाचा.

कुणाचा तरी फोटो पुढे ढकलणं
ही गोष्ट मला अजून सलते. ७ मे रोजी पाकिस्तानने पुंछवर केलेल्या तोफमाऱ्यात मदरशातला एक शिक्षक मारला गेला. काही वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवून त्याला दहशतवादी ठरवलं. पुंछ पोलिसांना खुलासा करावा लागला की तो दहशतवादी नव्हता. घरातला माणूस गेलेला, आणि घरच्यांवर त्याचं निर्दोषत्व सांगत बसायची पाळी! तो फोटो आमच्याही ग्रुपवर आला होता. खुलासा मात्र कुणीच टाकला नाही. चुकीचं काही पाठवलं असेल तर दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाका, लाज वाटली तरी.

लष्कराच्या हालचाली टिपणं
मनमाडला रणगाडे लादलेली मालगाडी दिसली तरी मोबाईल खिशातच राहू द्या. २६/११ ला नरिमन हाऊसवर उतरणारे कमांडो थेट प्रक्षेपणात दिसत होते, आणि अतिरेक्यांना फोनवरून हुकूम देणारेही ते पाहत होते. त्या प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कडक ताशेरे ओढले.

आकड्यांवरून भांडणं
आपली विमानं पडली की नाही, यावरून आमच्याकडे जेवताना ताटं सरकवून वाद झाले. आपलंही नुकसान झाल्याचं सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये ३१ मे रोजी मान्य केलं, तेव्हा शस्त्रसंधीला तीन आठवडे झाले होते. बातमीत ‘दावा’ हा शब्द असेल तर तो दावाच समजा, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

 

जवानालाच बातमी विचारणं
तो सांगू शकत नाही, आणि विचारल्याने त्याची पंचाईत होते. शस्त्रसंधी झाली १० मे रोजी संध्याकाळी, वहिनीच्या भावाचा फोन आला दुसऱ्या दिवशी सकाळी. दादा मागून खुणा करत होता, तिकडचं विचार म्हणून. वहिनीने दादाकडे पाठ केली आणि भावाला विचारलं, “जेवलास का?”