संक्रांतीचं वाण घ्यायला निघण्याआधी

भोगीच्या निदान पंधरा दिवस आधी सुरुवात करा, कारण एकदा सोलापूरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की होम मैदानाच्या बाजूला गाडी लावायला जागा नसते, नवी पेठेत पाय ठेवता येत नाही, आणि मग शेवटच्या दिवशी समोर जे दिसेल ते चार डझन उचलून आणलं जातं आणि ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकच असतं. मी स्वतः बरीच वर्षं हेच केलंय.

पहिलं काम घरातच आहे. आजवर मिळालेली वाणं एकदा बाहेर काढून बघा. मी काढली तेव्हा माळ्यावरच्या पितळी भांड्यांवर सगळा हिरवा भुगा पडलेला, हाताला चिकटणारा, नीट बघितलं तर ती हळदीकुंकवात मिळालेली कापडी पिशवी होती, म्हणजे मी कापडी समजून जपून ठेवलेली. ती नॉन-वोव्हन निघाली, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे चक्क प्लॅस्टिक. कापडासारखं दिसतं पण त्यात ताणाबाणा नसतो, उजेडात धरलं की विणीच्या ऐवजी दाबून चिकटवलेले ठिपके दिसतात. ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या) खालच्या अशा पिशव्यांवर २०२१ पासून बंदी आहे तरी अजून सर्रास मिळतात. त्यामुळे दुकानदार "इको-फ्रेंडली आहे ताई" म्हणाला तरी आधी उजेडात धरून बघायचंच.

आता खरी सुती पिशवी द्यावी का? माझं मत, नको. प्रत्येकीच्या दाराला सहा-सात लटकलेल्या असतात आणि भाजीला जाताना एकही बरोबर नसते. जी वस्तू वापरलीच जाणार नाही ती कापसाची असली काय आणि तागाची असली काय, तिच्यासाठी लागलेलं पाणी, सूत, रंग सगळं वायाच गेलं. म्हणून यादी करताना एवढंच विचारा, की ही वस्तू तिच्या घरात रोज हाताला येईल का, नाहीतर खाऊन संपेल का.

आपल्या सोलापूरात राहून याचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे नॅपकिन. आपल्या चादरीला आणि टर्किश टॉवेलला दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, बाहेरगावचे लोक मुद्दाम येऊन नेतात आणि आपण मात्र वाणाला चायनीज डबी वाटतो, मला याचं खरंच वाईट वाटतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात ओळखीतून डझनावर घेतले तर बजेटात बसतात, बारीक डाग किंवा किनार वाकडी असलेला सेकंडचा माल आणखी स्वस्त, आणि हात पुसायला त्यानं काही फरक पडत नाही. फक्त शुद्ध सुती आहे का ते तपासा. कडेचा एक धागा ओढून मागा, चिमट्यात धरून जाळा. सुताचा असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरता येते, पॉलिस्टर असेल तर आक्रसून वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो, मिक्स असेल तर राख होते पण मधे टोचतं. मी हे करायला लागले तर दुकानातले काका म्हणाले, "जाळून काय बघलालाव ओ ताई, प्युअर कॉटन हाय की," आणि राख चुरली तेव्हा त्यांनाच आनंद झाला. पाण्याच्या थेंबावर मात्र जाऊ नका, नव्या मालावर फिनिशिंग असतं त्यामुळे चांगलं सुतीसुद्धा सुरुवातीला पाणी शोषत नाही, दोन धुण्यांनंतर शोषतं. देताना तेवढं सांगा, आणि त्याला सॉफ्टनर लावू नका हेही सांगा. नॅपकिन एकेका प्लॅस्टिकच्या पाकिटात न देता सुट्टे मागा, आधी सांगितलं तर देतात.

खायचं वाण द्यायचं तर शेंगाचटणीसारखं दुसरं नाही. पण कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, कागदाच्या पुडीत बांधली की थोड्या वेळात पुडी तेलकट होते, म्हणून मी वर्षभर लोणच्याजॅमच्या काचेच्या बाटल्या साठवते, नाहीतर सरळ निरोप देते की येताना छोटी डबी आणा गं. कुणालाच त्यात कमीपणा वाटला नाही. तिळगूळ आणि हलव्यासाठीही घरचा डबा घेऊन सुट्टा तोलून घ्या.

सुगडं कुंभार वेशीतून, पाचच, आणि टिचकी मारून आवाज बघून. रंग लावलेली, टिकल्या चिकटवलेली नको, मातीची साधी घ्या. बोरं, ऊस, गाजर, हरभरा, हुरड्याची कणसं लक्ष्मी मार्केटला एका फेरीत होतात, पिशव्या घरून न्या. कुंकू घ्यायचं तर हळदीचंच मागा, आपलं पंढरपूर जवळ आहे.

मसाला दूध द्यायला कागदी कप आणू नका, त्याला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून तर दूध गळत नाही. स्टीलचे पेले शेजारून मागून आणा, वीस-पंचवीस सहज जमतात. फराळाला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, पण मशीनवर दाबलेल्या असतील तर उलटून बघा, काहींना खाली पातळ प्लॅस्टिक लावलेलं असतं. पिशवीवर कंपोस्टेबल लिहिलं असेल तर आयएस १७०८८ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक शोधा, आणि नुसतं बायोडिग्रेडेबल छापलेलं असेल तर दुकानातच परत ठेवून द्या.

रोप द्यायचं मनात असेल तर तुळस, कोरफड, ओवा, गवती चहा यातलंच द्या, एप्रिल-मेचं आपलं ऊन नाजूक झाडाला झेपत नाही, आणि रोपांच्या काळ्या पिशव्या नर्सरीत परत घेतात का ते आधी विचारून ठेवा.

रथसप्तमी झाली की घरात राहिलेली सुगडं फेकू नका, धुऊन, पाणी भरून गच्चीवर सावलीत ठेवा. फेब्रुवारी संपता संपता चिमण्या पाण्याला यायला लागतात.