एटीव्हीचा सेल्फ लागत नाहीये? नवीन स्टार्टर मोटर घ्यायच्या आधी हे चेक करा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, तुमची एटीव्ही (जाड टायरची, हँडलवाली चार चाकी ऑफ-रोड गाडी) 'चालू होत नाही' म्हणजे नक्की काय होतंय? बटन दाबल्यावर इंजिन घरघर फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फचा काही दोष नाही, तो बिचारा त्याचं काम करतोय, तुम्ही पेट्रोल, प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर याकडे बघा. इथे आपण बोलतोय ते बटन दाबल्यावर इंजिन फिरतच नाही त्याबद्दल. बरेच जण या दोन गोष्टी एकत्र करतात आणि मग नको तिथे हात घालत बसतात.

आता फुकटातली तपासणी. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) 'रन'वर आहे का बघा, कोणाचा तरी हात लागून बंद झालेला असतो आणि तासभर वायरिंग उघडून बसलेले लोक पाहिलेत मी. गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये पाहिजे, आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना ब्रेक दाबून धरल्याशिवाय सेल्फचं बटन कामच करत नाही. पोरांच्या छोट्या एटीव्हीला मागे दोरीवाला सेफ्टी स्विच असतो, ती दोरी निघालेली असली तरी गाडी मेलेलीच वाटणार, काहींना तर रिमोटनेही बंद करायची सोय असते. न्यूट्रलचा दिवा लागला नाही तर गिअर लिव्हर जरा पुढेमागे हलवून परत बटन दाबून बघा, ब्रेक लिव्हर दोन-तीन वेळा जोरात दाबून सोडा कारण त्या छोट्या स्विचमध्ये चिखल जाऊन तो अडकतो. एवढं करून गाडी चालू झाली तर बाकीचं वाचायची गरज नाही, फक्त तो स्विच साफ करून घ्या.

नाही झाली? मग आवाज ऐका. पटापट टकटकटकटक असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी कमी किंवा टर्मिनल ढिले. एकच टक् आणि शांत, म्हणजे रिले (बटन दाबल्यावर बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा स्विच) ओढतोय पण पुढे करंट जात नाही किंवा मोटर फिरत नाही. काहीच आवाज नाही म्हणजे फ्यूज, स्विच, वायर यापैकी काहीतरी. आणि सुंईंई करून मोटर फिरते पण इंजिन हलत नाही, तर सेल्फ आणि इंजिनच्या मधला एकाच दिशेला पकडणारा क्लच किंवा त्याचा गिअर गेलाय, तिथे बॅटरीला कितीही चार्ज करा फरक पडणार नाही, इंजिनची साईड उघडावीच लागते.

हेडलाईट लागतोय म्हणजे बॅटरी चांगली आहे असं धरून चालू नका. दिव्याला थोडेच अँपिअर लागतात, सेल्फला त्याच्या कितीतरी पट लागतात, त्यामुळे अर्धमेल्या बॅटरीवर लाईट झकास लागते आणि बटन दाबलं की सगळं मान टाकतं. लाईट चालू ठेवून बटन दाबा, लाईट एकदम मंद झाली की बॅटरी, टर्मिनल किंवा जॅम मोटर, आणि लाईट जराही मंद न होता नुसता टक् आवाज आला तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. हा टेस्ट करायला काही लागत नाही.

पुढे मात्र मल्टीमीटर लागेल, साधा स्वस्तातला चालतो, डीसी 20 व्होल्टवर ठेवा.

मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलच्या शिशावर टेकवायच्या, वरच्या बोल्टवर किंवा वायरच्या रिंगवर नाही, कारण कधी कधी खोट तिथेच असते. गाडी काही तास उभी असताना लेड-ॲसिड बॅटरीचं रीडिंग 12.6 ते 12.8 आलं म्हणजे पूर्ण चार्ज, 12.4 च्या आसपास म्हणजे पाऊण, आणि 12 च्या खाली गेलं की आधी चार्ज करा मग बाकीचं बोलू. लिथियम बॅटरी असेल तर ती 13.2-13.3 दाखवते, तिच्यावर 12.6 दिसलं तर ती जवळपास रिकामी आहे, त्यामुळे हे आकडे तिला लावू नका. चार्जर लावायचा तो बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे 12 एएच बॅटरीला साधारण 1.2 अँपिअर, कारचा मोठा चार्जर या छोट्या बॅटरीला लावून उकळवू नका.

आता खरा टेस्ट, आणि माझ्या मते याच एका टेस्टने निम्म्याहून जास्त उत्तर मिळतं. पिना तिथेच ठेवून दुसऱ्या कोणाला तरी बटन दाबायला सांगा आणि आकडा बघत राहा. 12.7 वरून 10.5-11 पर्यंत उतरून तिथे टिकला आणि इंजिन फिरलं तर बॅटरी ठीक. 9.5 च्या खाली घसरला तर बॅटरी थकलीय, किंवा मोटर जॅम असल्याने ती जास्त करंट ओढतेय. 12.7 वरून एकदम 3-4 वर आपटला आणि बटन सोडल्यावर परत 12.5 ला गेला, तर बॅटरीच्या आतला एखादा सेल किंवा जोड गेलाय, अशी बॅटरी चार्जरवर तासाभरात 'फुल' दाखवते पण उपयोग शून्य. आणि आकडा 12.6 वरच राहिला, हललाच नाही, तर बॅटरीकडे पाठ फिरवा, करंट जातच नाहीये, पुढच्या वायरिंगमध्ये शोधा.

बटन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून ठेवू नका, मध्ये थोडी विश्रांती द्या, मोटर पटकन तापते.

टर्मिनल. बॅटरीच्या पोस्टवर पांढरी-हिरवी पावडर दिसली की समजायचं, पण धोका जास्त असतो तो बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या टर्मिनलचा, बोल्ट काढून रिंग उलटी करा, मागची बाजू काळपट राखाडी झालेली असते आणि तिथूनच करंट अडतो. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपरने दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत घासा. काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी, कारण पाना पॉझिटिव्ह आणि चॅसीमध्ये अडकला तर ठिणगी नाही, चांगला आवाज येतो. घट्ट करताना हाताने हलवून बघा, जराही फिरली तर ढिली आहे. नंतर थोडं ग्रीस लावा, पण जोडल्यानंतर वरून, मध्ये नाही.

अर्थिंग लोक विसरतातच. बॅटरीच्या निगेटिव्हची जाड वायर कुठेतरी इंजिन किंवा चॅसीला बोल्टने लावलेली असते, तिथे गंज किंवा रंग आला की सेल्फ आळशी होतो. चेक असा करायचा, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरी स्टार्टर मोटरच्या बॉडीवर उघड्या धातूला, आणि बटन दाबा. 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगमध्ये रेझिस्टन्स आहे, बोल्ट काढा, घासा, परत लावा. असंच पॉझिटिव्हच्या बाजूने, बॅटरीचा पॉझिटिव्ह पोस्ट ते मोटरचा जाड स्टड, बटन दाबलेलं असताना अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त आलं तर एकेक जोड मोजत पुढे जा, ज्या जोडावर व्होल्ट दिसेल तोच चोर.

आता रिले, ज्याला कोणी सोलेनॉईड म्हणतं. बॅटरीची जाड लाल वायर पकडून पुढे गेलात की सापडतो, दोन जाड स्टड आणि दोन बारीक वायर, बऱ्याच गाड्यांमध्ये 20 किंवा 30 अँपिअरचा मेन फ्यूज तिथेच चिकटलेला असतो. फ्यूज नुसता डोळ्याने बघून समाधान मानू नका, तारेला केसाएवढी भेग पडलेली असते आणि ती दिसत नाही, काढून मीटरवर कंटिन्युइटी (करंट आरपार जातोय का) बघा. गाडीला फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, वायर जळेल, शॉर्ट कुठे आहे ते शोधा.

दोन बारीक वायरच्या मध्ये मीटर लावून बटन दाबा. बॅटरीएवढे व्होल्ट आले पण टक् आवाज नाही, तर रिलेची कॉईल गेली, रिले बदला. व्होल्ट आले, टक् झालं, पण मोटर फिरत नाही, तर मीटर दोन्ही जाड स्टडवर लावून परत बटन दाबा, रीडिंग शून्याजवळ यायला पाहिजे, 12 च्या आसपास राहिलं तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत, पुन्हा रिलेच. बारीक वायरवर व्होल्टच येत नसतील तर रिले निर्दोष आहे, मागे जा: फ्यूज, चावीचा स्विच, किल स्विच, ब्रेकचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, बटन. इथे एक गंमत आहे, काही गाड्यांमध्ये बटन पॉझिटिव्ह पुरवतं आणि न्यूट्रल किंवा ब्रेकचा स्विच अर्थ देतो, काहींमध्ये उलट, म्हणून एका वायरला अर्थ धरून मोजण्यापेक्षा दोन वायरच्या मध्येच मोजा, गोंधळ होत नाही. कनेक्टर उघडून बघा, धुतल्यानंतर किंवा पाण्यातून काढल्यावर पिना हिरव्या पडतात, आणि हँडलवरचं बटन पण खोलून साफ करण्यासारखं असतं.

रिले ठीक, वायर ठीक, तरी मोटर गप्प. तर मोटरच्या जाड स्टडवर जंपर केबलने बॅटरीचा पॉझिटिव्ह थेट देऊन बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, चावी बंद, आणि आजूबाजूला पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून, कारण ठिणगी उडतेच. मोटर फिरली तर दोष मागे आहे आणि नाही फिरली तर मोटर काढा. मोटर काढल्यावर बऱ्याचदा कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा आत पाणी आणि काळी भुकटी साचलेली असते, ब्रश आणि कम्युटेटर साफ केल्यावर मोटर परत पळते, सगळी नवीन घ्यायची वेळ येतेच असं नाही. बटन दाबून धरलेलं असताना मोटरला हळूच हातोडीच्या दांड्याने टकटक करून सेल्फ लागतो, ही जुनी युक्ती खरी आहे, पण ती फक्त ब्रश संपत आलेत एवढं सांगते, दुरुस्ती नाही.

मोटर लावायच्या आधी इंजिन हाताने फिरतंय का ते पण बघा, दोरी असेल तर ओढून, किक असेल तर दाबून. अजिबातच हलत नसेल तर जबरदस्ती करू नका. कार्बोरेटरची सुई गळत असेल तर पेट्रोल सिलेंडरमध्ये जाऊन साचतं आणि पिस्टन ते दाबू शकत नाही, खोल पाण्यात गेलेल्या गाडीत पाणी असू शकतं. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या, लेव्हल वर चढलेली आणि पेट्रोलचा वास, म्हणजे प्लग काढून आतलं बाहेर येऊ द्यायचं, ऑइल बदलायचं आणि मगच सेल्फ मारायचा. प्लग काढलेला असताना प्लगची कॅप इंजिनला अर्थ करून भोकापासून लांब ठेवा, नाहीतर उडणाऱ्या पेट्रोलला ठिणगी मिळेल.

आणि हो, बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक एटीव्ही धक्का मारून चालू होत नाही, इंजिन फिरल्याशिवाय पुढचा क्लच बेल्ट पकडतच नाही, उगाच पाठ मोडून घेऊ नका. कारच्या बॅटरीने जंप देणार असाल तर कारचं इंजिन बंद ठेवा, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह केबल एटीव्हीच्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर.

चालू झाली की लगेच बंद करून जाऊ नका, बॅटरीवर मीटर लावून थोडा ॲक्सिलरेटर द्या. 13.8 ते 14.5 यायला पाहिजे. 13 च्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाहीये, स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉईल) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, आणि 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर नक्की गेलाय, तो नवीन बॅटरीलाही मारेल. चार्जिंग बरोबर असून बॅटरी उभ्या उभ्या उतरत असेल तर चावी काढून, निगेटिव्ह केबल सोडवून, मीटर मिलीअँपिअरवर ठेवून केबल आणि पोस्टच्या मध्ये लावा, थोडेच मिलीअँपिअर दिसायला पाहिजेत. जास्त दिसलं तर नंतर बसवलेली विंच, लाईट बार, यूएसबी सॉकेट यातलं एकेक काढत जा, आकडा जिथे पडतो तिथे गळती. हे मीटर मध्ये लावलेलं असताना चुकूनही सेल्फचं बटन दाबू नका, मीटरचा फ्यूज जातो.